एकच विहीर, तीन गरजा: वाळवा तालुक्यातील एका घराच्या व पनीर उद्योगाच्या पाण्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात, गावठाणापासून जरा बाहेर, मळ्यात राहणाऱ्या एका एकत्र कुटुंबाचे हे प्रकरण आहे. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. घरात नऊ माणसे, गोठ्यात चौदा म्हशी आणि गोठ्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये पनीर व खव्याचा छोटा उद्योग, ज्यात सहा कामगार आहेत. या सगळ्यांना पाणी एकाच विहिरीचे. ग्रामपंचायतीचा नळ दारात आहे, त्याला कृष्णेचे पाणी दिवसाआड येते. पण ते झाडांना आणि गाड्या धुवायला वापरायचे, अशी घरची जुनी पद्धत होती.

विहीर वीस फूट व्यासाची, पंचेचाळीस फूट खोल. वरचे बारा-तेरा फूट काळी माती आणि मुरूम, त्याखाली भेगाळलेला कातळ. वरच्या भागाला दगडी बांधकाम आहे, पण त्याचे सांधे अनेक ठिकाणी मोकळे झालेले. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या महापुरात विहीर पाण्याखाली गेली होती. दोन्ही वेळा उपसा करून, गाळ काढून, टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर टाकून ती पुन्हा वापरात आणली गेली.

चारही बाजूंना ऊस आहे. या पट्ट्यातील बऱ्याच जमिनी वर्षानुवर्षांच्या पाटपाण्याने क्षारपड आणि चिबड झालेल्या आहेत. विहिरीचे पाणी मचूळ लागते, साबणाला फेस धरत नाही, हे घरच्यांनाही ठाऊक होते. पण ती गावच्या पाण्याची जात आहे असे मानून सगळे चालले होते. आजींचे मत मात्र वेगळे होते. ‘‘त्या पाण्यात डाळ शिजायची बंद झाली, तवाच म्या सांगितलं हुतं,’’ असे त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. पाण्याचा जडपणा कालांतराने वाढत गेला, याचा घरात उपलब्ध असलेला हा एकमेव पुरावा होता.

अडचण

तक्रार सुरू झाली ती उद्योगाकडून. पावसाळा लागला की सांगलीतील दोन-तीन दुकानदार पनीर दुसऱ्याच दिवशी बुळबुळीत होते, वास येतो, असे सांगून माल परत पाठवू लागले. धाकट्या बंधूंनी आधी दुधावर, मग शीतकपाटावर संशय घेतला; दोन्ही ठीक निघाले. पनीर दाबून झाल्यावर त्याच्या वड्या थंड पाण्यात बुडवून ठेवतात. ते पाणी विहिरीचे, बर्फ घालून गार केलेले. दूध तापवल्यावर त्यातील जंतू मरतात, पण तयार पनीर ज्या पाण्यात तास-दोन तास पडून राहते ते पाणी कोणी तापवत नाही, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती.

दुसरी अडचण बॉयलरची. वाफेसाठी असलेल्या छोट्या बॉयलरच्या नळ्यांवर पांढरा, विटेसारखा कठीण थर बसत असे. दर दीड-दोन महिन्यांनी ॲसिडने धुलाई करावी लागे, आणि मधल्या काळात जळण वाढत जाई.

तिसरी अडचण कोणी अडचण म्हणून सांगितलीच नाही. थोरल्या सूनबाई बाळंतपणानंतर माहेरहून परतल्या होत्या, बाळ चार महिन्यांचे होते आणि अंगावरचे दूध पुरत नसल्याने त्याला पावडरचे दूध सुरू केले होते. ते विहिरीच्या पाण्यात, चांगले दहा मिनिटे उकळून, कालवले जात होते.

तपासणी, आणि अहवालातील एक ओळ

माझ्याकडे हे प्रकरण आले तेव्हा कुटुंबाकडे एक खासगी प्रयोगशाळेचा अहवाल आणि एका विक्रेत्याचे दरपत्रक तयार होते. विक्रेत्याने टीडीएसचा पेन पाण्यात बुडवून १२५० हा आकडा दाखवला होता आणि ताशी एक हजार लिटरचा आरओ प्लांट, म्हणजे दाबाने पडद्यातून पाणी गाळून क्षार वेगळे करणारे यंत्र, सुचवला होता. टीडीएसचा पेन पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत त्याचा अंदाज देतो. ते क्षार कोणते, हे तो सांगत नाही. जंतूंबद्दल तर काहीच सांगत नाही.

अहवालातील मुख्य आकडे असे होते: एकूण विरघळलेले क्षार १२६०, एकूण काठिण्य (म्हणजे जडपणा) ६८०, अल्कता ४२०, क्लोराइड ३१०, सल्फेट १९०, फ्लोराइड ०.५ (सर्व मिलिग्रॅम प्रतिलिटर), सामू ७.६. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे क्षारांची इष्ट मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालते. काठिण्याच्या मर्यादा अनुक्रमे २०० आणि ६००. म्हणजे क्षार चालवून घेण्याजोगे, काठिण्य हद्दीबाहेर, अल्कता आणि क्लोराइड मधल्या पट्ट्यात, बाकीचे इष्ट मर्यादेत. नायट्रेटपुढे १८.५ लिहिले होते, आणि शेजारच्या रकान्यात मर्यादा ४५. घरच्यांनी ती ओळ वाचून सोडून दिली होती, आणि वरवर पाहता त्यात चुकीचे काही नव्हते.

परंतु १८.५ या आकड्यापुढे बारीक अक्षरात ‘नत्र रूपात’ असे छापलेले होते. नायट्रेट मोजण्याच्या दोन रीती आहेत. एकात संपूर्ण नायट्रेटचे वजन धरतात, दुसरीत फक्त त्यातील नत्राचे. नत्राच्या आकड्याला ४.४३ ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो. आपल्या मानकातील ४५ ही मर्यादा नायट्रेटच्या रूपात आहे. म्हणजे या विहिरीत नायट्रेट होते ८२, मर्यादेच्या जवळपास दुप्पट. आणि क्षार किंवा काठिण्याप्रमाणे ‘दुसरा स्रोत नसल्यास’ अशी कोणतीही सवलत नायट्रेटला मानकात दिलेली नाही. एका तक्त्यात दोन वेगळ्या रूपांतील आकडे शेजारी छापले जाणे, हा या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत धोक्याचा भाग होता असे माझे मत आहे.

सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या शरीरात नायट्रेटपासून नायट्राइट तयार होऊन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. ओठ, नखे निळसर पडतात. हे बाळ सुदैवाने ठणठणीत होते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण थोडे वाढते. म्हणजे घरच्यांनी काळजीपोटी जे केले तेच या बाबतीत उलटे पडत होते. त्याच दिवशी बाळाच्या दुधासाठी विहिरीचे पाणी बंद करून नळाचे पाणी उकळून वापरायला सांगितले. नळाच्या पाण्याचा नमुना लगेच तपासायला दिला. त्यात नायट्रेट ८ आले.

जंतूंची तपासणी जुन्या अहवालात नव्हती. ती दोनदा करायची ठरली, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यात. निर्जंतुक केलेल्या बाटलीत, मोटार दहा मिनिटे चालू ठेवून नमुना घेतला, बर्फात ठेवला आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवला. मेमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठा-शेणातून पाण्यात येणारे जंतू, आढळले नाहीत. ऑगस्टमध्ये आढळले. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये.

दूषितपणा नेमका कोठून

ऑगस्टमध्ये, दोन दिवसांच्या संततधारेनंतर, विहिरीत बॅटरीचा झोत टाकून आतली भिंत पाहिली. तीन बाजू कोरड्या होत्या. गोठ्याच्या बाजूला, कठड्यापासून साधारण सहा-सात फुटांवर, दोन दगडांच्या सांध्यातून चहाच्या रंगाचा पाझर भिंतीवरून उतरत होता आणि त्याच्या वाटेवर हिरवट-काळी चिकट साय धरली होती. त्या सांध्याच्या सरळ रेषेत वर, विहिरीपासून पंचवीस फुटांवर, घरचा उकिरडा होता. गोठ्यातील मूत्राची मोरीही तेथेच जिरत होती. उन्हाळ्यात हा सांधा कोरडा असतो. मे आणि ऑगस्टच्या अहवालांतील फरकाचे उत्तर त्या पाझरात होते.

नायट्रेटचे उत्तर इतके सरळ नव्हते. ते उकिरड्यातून येऊ शकते, तसेच उसाच्या खतातूनही. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या) उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे आणि प्रत्यक्षात अनेक शेतकरी त्याहून जास्त युरिया टाकतात. पाटाने भरपूर पाणी दिले की मुळांनी न घेतलेले नत्र पाण्याबरोबर खाली उतरते. यातील कोणाचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी ऊसपट्ट्याच्या मधोमध असलेली, जवळपास घर वा गोठा नसलेली शेजाऱ्याची विहीर तपासली. तिच्यात ई. कोलाय नव्हते, पण नायट्रेट ५१ होते. यावरून ढोबळ अर्थ असा निघाला की साधारण पन्नासपर्यंतचा भार शेतीचा आहे आणि त्यावरचा बहुतेक गोठ्याचा. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की उकिरडा कितीही दूर नेला तरी या विहिरीचे नायट्रेट ४५ च्या खाली येण्याची खात्री देता येणार नव्हती. पुढचे निर्णय या एका तपासणीवर उभे राहिले, आणि तिला खर्चही किरकोळच आला.

विचारात घेतलेले मार्ग

थोरल्या बंधूंचा ओढा नव्या बोअरकडे होता. पाणाड्या येऊन जागा दाखवून गेला होता. खोल कातळातील पाणी दीर्घकाळ दगडाच्या सहवासात राहिलेले असते, त्यामुळे ते अधिक जड किंवा खारट निघण्याची शक्यता असते. शिवाय वरच्या थरातील केसिंग (बोअरमध्ये बसवलेला पाइप) नीट बसले नाही तर तेच दूषित पाणी खाली उतरते. शेजारपाजारच्या दोन बोअरचे पाणी चाखल्यावर आणि पेनने मोजल्यावर थोरल्यांनीच हा विचार सोडला.

दुसरा मार्ग विक्रेत्याचा, म्हणजे सगळ्या पाण्यासाठी एकच आरओ. घर आणि उद्योग मिळून रोजचा वापर आठ हजार लिटरच्या आसपास. एवढे शुद्ध पाणी मिळवताना साधारण तेवढेच पाणी वाया जाणार, आणि त्यात क्षारांचे प्रमाण मूळच्या जवळपास दुप्पट असणार. हे रोजचे आठ हजार लिटर खारे पाणी सोडायचे कोठे, हा प्रश्न दरपत्रकात नव्हता. घरचा ऊस ज्या जमिनीवर आहे ती आधीच क्षारपडीच्या उंबरठ्यावर आहे. म्हशींना धुवायला आणि फरशी पुसायला आरओचे पाणी लागत नाही, हा साधा मुद्दाही होता. पण मार्ग बाद झाला तो वाया जाणाऱ्या पाण्यामुळे.

तिसरा मार्ग नळाचे पाणी पिण्यासाठी वापरण्याचा. तो सर्वांत स्वस्त होता आणि माझ्या मते सर्वांत सोपाही. अडचण दोन गोष्टींची होती. पूर आला की योजनेचे पंप बंद पडतात आणि नेमके त्याच वेळी विहिरीचाही भरवसा नसतो. आणि घरातील वडीलधाऱ्यांना नळाच्या पाण्याचा टीसीएलचा वास सोसत नव्हता.

निर्णय

शेवटी पाण्याचे तीन भाग करायचे ठरले. सगळ्या पाण्यासाठी विहिरीची दुरुस्ती आणि निर्जंतुकीकरण, बॉयलरपुरते मृदू पाणी, पिण्या-स्वयंपाकापुरता आरओ. यात वादाचा मुद्दा क्रम हा होता. धाकट्या बंधूंना आधी सॉफ्टनर (पाणी मृदू करणारे यंत्र) हवा होता, कारण बॉयलरचा खर्च दरमहा दिसत होता. दुरुस्ती आधी करण्याचा आग्रह मी धरला, कारण पनीर परत येण्याचे मूळ त्या पाझरात होते आणि अन्न परवान्यासाठीही पाणी पिण्यायोग्य असल्याचा अहवाल लागतो. शेवटी आजोबांनी बाळाचा विषय काढला आणि चर्चा तेथेच संपली.

केलेली कामे

पावसाळा सरताच उकिरडा विहिरीपेक्षा सखल बाजूला, दीडशे फुटांवर हलवला आणि त्याला सिमेंटचा तळ केला. मोरीचे पाणी पक्क्या टाकीत घेतले. ते आता शेणखताबरोबर शेतात जाते. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर विहिरीच्या वरच्या बारा फुटांचे सांधे उकरून सिमेंटने भरले, आतून काँक्रीटचे अस्तर दिले, कठडा अडीच फूट वाढवला, भोवती बाहेरच्या उताराचा ओटा केला आणि वर जाळी बसवली. कठडा महापुराच्या पाण्याला पुरणार नाही, हे सर्वांना माहीत आहे. तो रोजच्या पावसासाठी आहे.

संपूर्ण विहिरीत रोज टीसीएल टाकणे फायद्याचे नव्हते. विहिरीत सव्वा ते दीड लाख लिटर पाणी असते आणि उद्योगाला निर्जंतुक पाणी लागते ते दोन-तीन हजार लिटर. म्हणून विहिरीत आठवड्यातून एकदा, दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या नेहमीच्या प्रमाणाने पावडर निवळून टाकायची आणि पनीरच्या टाकीवर हायपोक्लोराइट (क्लोरीनचे द्रावण) थेंब-थेंब सोडणारा छोटा पंप बसवायचा, असे केले. टाकी भरल्यावर किमान अर्धा तास पाणी तसेच ठेवतात. मग क्लोरीन शिल्लक आहे का हे दाखवणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाने पिवळा रंग येतो का ते पाहून भिंतीवरच्या वहीत नोंद करतात. शिल्लक क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्या टाकीचे पाणी पनीरला वापरायचे नाही, हा नियम एका कामगार ताईंकडे सोपवला आहे आणि त्या तो मालकांनाही मोडू देत नाहीत.

बॉयलरला रोज दीड हजार लिटर पाणी लागते. ६८० काठिण्याने हिशेब केला तर रोज सुमारे एक किलो काठिण्य काढावे लागणार. पन्नास लिटर रेझिनचा (काठिण्य धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा) सॉफ्टनर घेतला. तो अडीच-एक दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो, आणि एका धुण्याला सात-आठ किलो मीठ लागते. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो. त्यामुळे हे पाणी प्यायचे नाही, शिवाय त्याने एकूण क्षार किंवा नायट्रेट कमी होत नाहीत, हे नळावर रंगाने लिहून ठेवले. क्षार आणि अल्कता तशीच राहत असल्याने बॉयलरचे तळपाणी रोज ठरलेल्या वेळी सोडणे भाग आहे.

मिठाच्या पाण्याचे काय करायचे, यावर बराच खल झाला. शोषखड्ड्यात सोडले तर ते फिरून विहिरीतच येणार. उसात सोडले तर सोडियमने काळी माती आणखी चिबडणार. म्हणून धुण्याचे पहिले, दाट मीठ असलेले पाणीच वेगळे करून जाड प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात वाळवायचे ठरले. नंतरचे पाणी फरशीला. पावसाळ्यात खड्डा वाळत नाही. त्यावर उपाय शेडच्या पत्र्याने दिला: दीडशे चौरस मीटर पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की गळती-उडण धरूनही बारा हजार लिटर पाणी मिळते, आणि पावसाचे पाणी मुळातच मृदू असते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून पुढचे टाकीत घेतले की पावसाळ्यातील बरेच दिवस सॉफ्टनर धुवावाच लागत नाही.

घरासाठी आणि कामगारांच्या पिण्यासाठी ताशी पन्नास लिटरचा आरओ बसवला. पहिल्या तपासणीत शुद्ध पाण्यात क्षार ९० आणि नायट्रेट १४ आले. दोन महिन्यांनी पाणी ‘गोड लागत नाही’ अशी तक्रार झाली, तेव्हा देखभालीला आलेल्या मिस्त्रीने यंत्रातील टीडीएस वाढवणारा व्हॉल्व्ह उघडला. हा व्हॉल्व्ह शुद्ध पाण्यात थोडे मूळ पाणी मिसळतो. क्षार ४५० झाले, चव सुधारली, आणि नायट्रेट ३५ वर गेले. तांत्रिकदृष्ट्या हे मर्यादेत होते. परंतु आरओचा गाळणारा पडदा थोडा जुना झाला असता तर राहिले नसते. व्हॉल्व्ह बंद करून त्याचे चाक काढून टाकले.

वर्षानंतरची स्थिती

पुढच्या ऑगस्टमध्ये पनीरच्या टाकीतील पाण्यात ई. कोलाय आढळले नाहीत. विहिरीच्या थेट नमुन्यात मोठ्या पावसानंतर एकदा आढळले, म्हणजे कातळाच्या भेगांतून अजून काही येते आहे. त्यामुळे क्लोरीन थांबवण्याचा प्रश्न नाही. पावसाळ्यात माल परत आला नाही. बॉयलर सहा महिन्यांनी उघडला तेव्हा नळ्यांवर बोटाने पुसता येईल एवढाच पांढरा थर होता.

विहिरीचे नायट्रेट ८२ वरून ७४ वर आले आहे. जमिनीत वर्षानुवर्षे साठलेले नत्र एका उकिरड्याच्या हलण्याने निघून जात नाही, तेव्हा याहून जास्त अपेक्षा नव्हती.

काय वेगळे करता आले असते

आरओ प्रमाणापेक्षा मोठा घेतला गेला. नळाचे पाणी हजार लिटरच्या टाकीत साठवून पिण्यासाठी वापरले असते आणि लहान आरओ फक्त पुरासाठी व नळ बंद असण्याच्या दिवसांसाठी ठेवला असता तर खर्च निम्म्याहून कमी झाला असता. टीसीएलचा वास ही खरी हरकत होती, पण भरून ठेवलेल्या उघड्या भांड्यात तो रात्रीतून बराच जातो. हे घरात करून दाखवायला हवे होते, नुसते सांगून भागले नाही.

पत्र्याच्या पाण्याची टाकी सॉफ्टनरच्या आधी बांधली असती तर सॉफ्टनरही एक माप लहान चालला असता.

शेतातील खताचा विषय लांबणीवर पडला, कारण तो उद्योगाच्या खर्चात दिसत नाही. आता येत्या आडसालीला ठिबक करून, माती परीक्षणाप्रमाणे नत्र हप्त्याहप्त्याने द्यायचे ठरले आहे. विहिरीचे नायट्रेट दर मे आणि ऑगस्टमध्ये तपासले जाईल, आणि प्रयोगशाळेला आकडा नायट्रेटच्या रूपात द्या असे मागणीपत्रावरच लिहून दिले जाते. आरओच्या पाण्याचे नायट्रेटही वर्षातून दोनदा तपासतात. पडदा जुना होताना नायट्रेट इतर बऱ्याच क्षारांच्या आधी निसटू लागते, आणि पेनवरच्या आकड्यात ते लवकर कळत नाही. शेजाऱ्यांनी आपल्या विहिरीचा ५१ चा आकडा पाहिल्यावर घरच्या पिण्यासाठी नळाचे पाणी सुरू केले आहे.